दामूकाकांची आखणी

श्रावण अर्धा सरला की पेणमध्ये अंग चोरून चालावं लागतं. घरांच्या ओट्यांवर, जिन्याखाली, गॅरेजमध्ये, जिथे म्हणून चार पत्रे उभे राहतील तिथे गणपती बसलेले असतात. कुणाचे कान अजून ओले, कुणाचं पितांबर नुकतंच पिवळं झालेलं. आपली छत्री एखाद्या सोंडेला घासली तर मालक काही बोलत नाही, नुसता बघतो, आणि ते बोलण्यापेक्षा वाईट असतं. परवा बाजारातून येताना अशाच एका कारखान्यापाशी थांबले. (आमच्याकडे मूर्ती जिथे घडतात त्याला कारखाना म्हणतात, रोह्याला धुराडी आहेत त्यांना कंपनी.) आत एक तरुण मुलगी मांडी घालून आखणी करत होती. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे रेखणं. तिनं ब्रश वाटीत बुडवला आणि अगदी सहज, केसांत पिन खोचावी इतक्या सहज, त्याचं टोक ओठांत धरून ओढलं.

मी दोन मिनिटं उभी राहिले, "छान झालेत गं डोळे," म्हटलं आणि घरी आले. आल्यावर हात-पाय धुतले, चहा ठेवला, तो उतू गेला.

आयुष्यभर मी रसायनं तपासली. एखादा पदार्थ माणसाच्या पेशीतल्या जनुकांना इजा करतो का, त्या इजेतून पुढे कर्करोगासारखं काही उद्भवू शकतं का, एवढाच माझा धंदा. रंग, औषधं, कीटकनाशकं, कपड्यांना लावायच्या पावडरी, कुणाकुणाच्या काय काय बाटल्या आमच्या टेबलावर यायच्या. रोह्याला एका छोट्या प्रयोगशाळेत मी नोकरी करत होते आणि सासर पेणचं. सकाळी एसटी. वडखळला अर्धी गाडी उतरायची आणि अर्धी भरायची, खांब गावाला भाजीवाल्या पाट्या घेऊन चढायच्या आणि कंडक्टरशी त्यांचं रोजचं भांडण व्हायचं. भाताची रोपं लागलेली असायची, खाचरांत पाणी, खिडकीच्या काचेला चिखल. रोह्याच्या पुढे तेव्हा कोकण रेल्वेची कामं जोरात होती आणि गाडीत सगळे त्याच गप्पा मारायचे. मी मात्र डोळे मिटून आदल्या दिवशीच्या प्लेटा मोजत बसायची.

त्या प्लेटांबद्दल थोडं सांगायला हवं. काचेच्या बशीत काही जंतू वाढवायचे. ते मुद्दाम असे अधू केलेले असतात, की एक ठरावीक पोषण बाहेरून दिल्याशिवाय ते वाढूच शकत नाहीत. ते पोषण द्यायचं नाही, आणि संशयित रसायन घालायचं. रसायनानं त्यांच्या जनुकांत बदल घडवला, तर त्यातले काही पुन्हा आपल्या पायावर उभे राहतात आणि बशीत ठिपके उमटतात. ठिपके फार उमटले की सावध व्हायचं. दुसऱ्या बशीत तेच रसायन, पण सोबत उंदराच्या यकृताचा अर्क. कारण काही पदार्थ बाटलीत अगदी गरीब असतात, पण शरीरात गेले की यकृत त्यांच्यावर काम करतं आणि मग ते बिघडतात. मला या दुसऱ्या बशीचं नेहमीच भय वाटायचं. आपल्याला वाचवायला बसलेलं यकृतच घात करतं, ही गोष्ट मला कितीही वर्षं शिकवली तरी पचली नाही.

आणि उंदीर. बशीतल्या ठिपक्यांवर कुणी थांबत नाही, पुढची पायरी जिवंत प्राण्याची. पांढरे, लाल डोळ्यांचे उंदीर. त्यांना रसायन पाजायचं, मग त्यांना मारायचं आणि मांडीच्या हाडातला मगज काचपट्टीवर पसरून पेशी बघायच्या. मी ते शिकले, नीट शिकले, आणि माझा हात हलका आहे असं आमच्या प्रयोगशाळेचे सर म्हणायचे. त्या कौतुकाची मला लाज वाटायची आणि ते हवंही असायचं. घरी आमच्या सासूबाईंना सगळं ठाऊक होतं. उंदरांचा दिवस असला की त्या दारातच थोपवायच्या. "आधी आंघोळ. दिवसभर बाप्पाचं वाहन मारून यायचं आणि इथं येऊन त्याच्याच मखराला हात लावायचा, हे चालायचं नाही." थट्टाच असायची, पण गरम पाण्याची बादली मात्र खरंच काढून ठेवलेली असायची. मी मुकाट्यानं न्हायची. घराच्या पुढच्या अंगाला सासऱ्यांचा, अण्णांचा, कारखाना. माझ्या खोलीत जायचा रस्ता त्यातूनच. दोन्ही बाजूंना बोळभर गणपती, आणि खालच्या फळीवर सुकत ठेवलेले छोटे छोटे मूषक, ओळीनं, सगळ्यांची तोंडं माझ्याकडे.

आखणी करायचे दामूकाका. वडखळच्या पलीकडे खाडीकाठच्या एका गावातले. उन्हाळाभर मिठागरात, आणि पावसानं मिठागरं बुडाली की आमच्याकडे. उन्हानं आणि मिठानं त्यांची कातडी इतकी रापलेली, की त्या हातांत झिरो नंबरचा ब्रश बघून नवी गिऱ्हाइकं बिचकायची. मग ते डोळा काढायला घ्यायचे आणि गिऱ्हाईक गप्प व्हायचं. आधी वरची पापणी, एका दमात. मग खालची. मग बुबुळ, आणि शेवटी पांढरा एवढासा थेंब. थेंब पडला की मूर्ती बघायला लागायची. मी विज्ञानाची बाई, पण त्या क्षणी दर वेळी पदर सावरायची. प्रत्येक रेघेच्या आधी काका ब्रश ओठांतून ओढायचे. सगळेच आखणीवाले ओढतात. त्यानं केस एकत्र येतात, टोक सुईसारखं होतं, आणि ब्रशमध्ये किती पाणी उरलंय ते जिभेला कळतं. संध्याकाळी काका हसले की जीभ काळी दिसायची. माझी धाकटी नणंद त्यांना जीभ दाखवायला लावायची आणि तेही हौसेनं दाखवायचे.

तो श्रावण नव्वदीतला. अण्णांनी त्या वर्षी नवा काळा रंग आणला होता, सुटा, पुडीतून. जुन्यापेक्षा गडद, वाळला की जरा जांभळी झाक मारायचा. गणपतीचे डोळे त्यानं फार सुंदर दिसत. माझ्या मनात कीड शिरली ती तिथूनच. एक दिवस चिमूटभर रंग कागदात बांधून रोह्याला नेला. सरांना विचारलं. ते म्हणाले, "हे आपलं काम नाही. पण प्लेटा उरल्यात, टाका." नुसत्या रंगाच्या बश्या स्वच्छ राहिल्या. यकृताचा अर्क घातलेल्या बश्या ठिपक्यांनी भरून गेल्या. मी पुन्हा केलं. पुन्हा तेच.

सरांनी चष्मा वर केला, बश्या उजेडात धरून बघितल्या. "बाई, ही पहिली पायरी आहे. जंतू म्हणजे माणूस नव्हे. घरी जाऊन डांगोरा पिटू नका," ते म्हणाले. मी मान डोलावली. आणि त्याच संध्याकाळी, पायातली चप्पलही न काढता, दामूकाकांच्या समोर जाऊन बसले.

काय बोलले ते सगळं आठवत नाही, पण बरंच बोलले असणार. रंगात खोट आहे, पोटात गेला तर आत बिघाड होऊ शकतो, कर्करोगसुद्धा होऊ शकतो, ब्रश तोंडात घालू नका. 'होऊ शकतो' असंच म्हणाले, 'होईल' असं नाही, इतपत मला खात्री आहे. पण ऐकणाऱ्याला त्यात काय फरक? कारखान्यात आणखी तिघं आखणीवाले होते. त्यांच्यातला एक हसला. "वहिनी, माझा बा हेच करत गेला. मरताना दात शाबूत होते त्याचे," म्हणाला, आणि माझ्यासमोरच ब्रश चोखला. बाकीचेही हसले. अण्णा म्हणाले, "हंगाम तोंडावर आलाय, आता कसलं हे?"

दामूकाका हसले नाहीत. त्यांनी ब्रश खाली ठेवला आणि पालथ्या हातानं ओठ पुसले. "शिकल्याली बाय हाय. उगाच सांगल काय ती?" ते त्या तिघांना म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "नाय घालणार तोंडात. तू सांगतेस ना, मग नाय."

मला किती आनंद झाला होता! एवढ्या लोकांत एकानं तरी ऐकलं. मी त्यांना स्पंजचा तुकडा आणून दिला, पाण्याची वाटी दिली, ब्रश कसा टेकवायचा ते दाखवलं. मी दाखवलं, त्यांना! दुसऱ्या दिवशी एसटीत मी अगदी ताठ बसून रोह्याला गेले.

दोन-तीन दिवसांत दिसायला लागलं. पापणीची रेघ सुरुवातीला जाड आणि शेवटी फाटलेली. बुबुळाच्या कडेला रंग पसरलेला. काका पुसायचे, पुन्हा काढायचे. स्पंजनं पाणी जास्त उरायचं, नाही तर ब्रश कोरडा पडायचा, आणि ते त्यांना रेघ उठल्यावर कळायचं, आधी नाही. ते चिडले नाहीत, हेच वाईट. चिडले असते, ब्रश फेकून "मसणात गेली तुझी परीक्षा" म्हणाले असते, तर मी आज सुखानं झोपले असते. ते नुसते भिंतीकडे तोंड करून बसायला लागले, म्हणजे कुणाला दिसू नये. एका रविवारी दुपारी मुंबईचं नेहमीचं गिऱ्हाईक आलं. मूर्ती समोरून बघितली, बाजूनं बघितली. "अण्णा, बाप्पा यंदा आपल्याकडे बघत नाहीयेत," असं म्हणालं. मोठ्यानं नाही म्हणालं, पण काकांची पाठ मला दिसत होती.

मी हळूच सांगून बघितलं, "काका, जुना काळा रंग वापरा हवं तर. तो तरी..." ते म्हणाले, "तो बरा हाय काय? तपासलास?" मी तपासला नव्हता. "मग?" एवढंच विचारलं त्यांनी. ब्रश हातात होता. तो त्यांनी ओठांजवळ नेला, इतका जवळ की मला वाटलं आता, आणि तिथेच थांबला. मग त्यांनी तो स्पंजवर टेकवला. मिठागरात फावडं मारणाऱ्या, भर पावसात खाडी ओलांडणाऱ्या माणसाला मी एका पुडीची भीती घातली, आणि ती उरलेल्या सगळ्या रंगांना चिकटली.

चतुर्थी जवळ आली तसं अण्णांना दुसरा इलाज उरला नाही. आखणी त्या हसणाऱ्या माणसाकडे गेली. दामूकाकांना घरी पाठवणं अण्णांच्या जिवावर आलं, म्हणून त्यांना मूषकांच्या फळीवर बसवलं. तिथे एरवी बायका बसायच्या. राखाडी अंग, गुलाबी कान, डोळ्याच्या जागी काडीनं एक ठिपका, झालं. काका त्या बायकांत गुडघे दुमडून बसायचे आणि काडीनं ठिपके द्यायचे. मी रोह्याहून आले की त्या बोळातूनच जायची. "आलीस गो?" ते विचारायचे. आवाजात काहीही नसायचं. मी "हो काका" म्हणायची आणि न्हाणीघरात जाऊन उगाच तांब्यावर तांबे ओतून घ्यायची.

त्याच दिवसांत मी सरांच्या मागे लागून पुढची पायरी केली. हौसेपोटी उंदीर मारणं नियमात बसत नव्हतं, सरांनी ते कसंतरी दुसऱ्या एका कामाला जोडून दिलं. मला उत्तर हवं होतं. कुठलं उत्तर हवं होतं, याचा विचार करते तेव्हा आजही मान खाली जाते. काळा रंग खराब निघावा, असं मी मनातून मागत होते. तो खराब निघाला असता तर माझं बोलणं खरं ठरलं असतं आणि काकांचं सोडणंही. आपण बरोबर ठरावं म्हणून एका रंगानं विषारी निघावं अशी वाट बघणारी बाई मी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसले होते. पेशी मोजत गेले. इजा झालेल्या पेशी साध्या पाण्यावरच्या उंदरांत जितक्या, जवळपास तितक्याच या उंदरांत. अहवालाच्या भाषेत: या परिस्थितीत परिणाम आढळला नाही.

हे मी काकांना सांगितलं, लपवलं नाही. गणपती उठले होते, कारखाना रिकामा, फळ्यांवर नुसती धूळ. काका आपली चटई गुंडाळत होते. म्हटलं, "काका, उंदरांवर करून बघितलं. त्यांना काही झालं नाही." त्यांचा चेहरा क्षणभर उजळला. "म्हंजी मना काय व्हणार नाय?" मी म्हणाले, "तसं नाही सांगता येत." त्यांनी चटईला सुतळी बांधली. मग हसले, खरंच हसले. "उंदीर कुठं आखणी करतो गो," म्हणाले, आणि चटई काखेत मारून निघाले. पुढच्या वर्षी आले ते थेट मूषकांच्या फळीवर जाऊन बसले. आखणी त्यांनी पुन्हा कधी धरली नाही.

आमच्या प्रत्येक चाचणीत एक गट असा असतो, ज्याला काहीच द्यायचं नाही. तो असतो म्हणून दुसऱ्या गटाबद्दल बोलता येतं. दामूकाकांच्या बाबतीत तशी सोय नव्हती. दोन दामूकाका हवे होते. एक, रंग चाखत शेवटपर्यंत डोळे काढणारा आणि दुसरा, माझं ऐकून काडीनं ठिपके देणारा. मग दोघांना शेजारी बसवून बघता आलं असतं. ते हसणारे तिघं माझा दुसरा गट झाले असं कधी कधी वाटतं. त्यातला एक लवकर गेला, पण तो दारूनं. दोघं अजून आहेत, बाजारात भेटतात, "काय वहिनी, अजून जितं हाय आमी," म्हणून चिडवतात. मीही हसते. पण तिघांवरून काय सिद्ध होतं? काही नाही. त्यांचं जगणं माझ्या विरुद्धचा पुरावा नाही आणि काकांचं जगणं माझ्या बाजूचा नाही. हे मला शास्त्रानं नीट कळतं, आणि तरीही त्या दोघांपैकी कुणी दिसलं की मी रस्ता बदलते.

पुढे मी सुरक्षितता तपासण्याच्या कामात बरीच वर चढले. तरुण मुलामुलींना शिकवलं. त्यांना पहिल्या दिवशी सांगायची, आपण 'धोका नाही' असं कधी म्हणत नाही आणि 'धोका आहे' असंही सहजी म्हणत नाही. मुलं वहीत लिहून घ्यायची. कुणी विचारलं, "मॅडम, मग माणसांना सांगायचं काय?" तर मी प्रोजेक्टरवर पुढची पारदर्शिका लावायची.

खूप वर्षांनी कळलं, दामूकाकांनी अंथरूण धरलंय. आजार असा नव्हता, वयच. मी वडखळपर्यंत एसटीनं गेले, पुढे रिक्षा. दुपारची वेळ. बाहेर मिठागरांत काम चालू होतं, पांढरे ढीग उन्हात चमकत होते. काका खाटेवर उशीला टेकून बसले होते, अंगानं फार थोडे उरलेले. काकीनं चहा टाकला. इकडचं तिकडचं झालं, कुणाची लग्नं, कुणाची जमीन रस्त्यात गेली. मग काकी चुलीपाशी असतानाच काका माझ्याकडे सरकले.

"सूनबाय, एक सांगशील? खरं सांग हां. तवा नसती सोडली आखणी, तर मना झाला असता ना तो रोग?"

काकीचे हात थांबल्याचं मला जाणवलं. माझ्या तोंडात उत्तर तयार होतं, आयुष्यभर दिलेलं, मोजकं, दोन्ही बाजूंनी सुरक्षित. सांगता येत नाही काका. पुरावा पुरेसा नाही काका. त्यांच्या ओठांकडे लक्ष गेलं. ते सुकले होते, आणि स्वच्छ होते.

"हो काका," मी म्हणाले. "नक्की झाला असता."

एवढं ठाम वाक्य मी त्याआधी कधी कुठल्या रसायनाबद्दल उच्चारलं नव्हतं, नंतरही नाही. काकांनी डोळे मिटले. मग चुलीकडे तोंड करून केवढ्यांदा तरी हाक मारली, त्या देहातून एवढा आवाज निघेल असं वाटलं नव्हतं.

"ऐकलंस गो? मी सांगत नव्हतो? उगाच नाय सोडली मी! रोज बोलायचीस ना, भ्यालेला म्हातारा, भ्यालेला म्हातारा... आता ऐक!"

काकी चहाचे कप घेऊन आली. काकांकडे तिनं पाहिलंही नाही. कप माझ्यासमोर ठेवला, आणि ठेवल्यावरही तिथेच उभी राहून माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मी कप उचलला. चहा फार कढत होता, तरी मी तो निवायची वाट न बघता प्यायले.